पहिलं भाड्याचं घर घेतेय : सही करण्याआधी काय काय बघू?

नवी_किल्ली

नमस्कार. गेली दोन वर्षं वसतिगृहात राहिले, त्याआधी आईबाबांकडे. आता नोकरी पक्की झाली आहे आणि पहिल्यांदाच एकटीने राहायला घर शोधते आहे. विकत नाही, भाड्याने. गेल्या आठवड्यात तीन घरं पाहिली.

एक नंबर : जुनी इमारत, दुसरा मजला. भिंतींना मळकट पिवळा रंग, स्वयंपाकघरातल्या फरशा जुन्या. चार महिने बंद आहे म्हणे. दार उघडल्या उघडल्या बाथरूमकडून गटाराचा वास आला, मी पाच मिनिटांत बाहेर पडले.

दोन नंबर : तिसरा मजला, नुकताच पांढरा रंग दिलेला, झोपायच्या खोलीत मोठी खिडकी, भिंतीला टेकून नवं कपाट. बघताक्षणी आवडलं. एजंट म्हणतो दोन दिवसांत टोकन द्या, अजून दोघं रांगेत आहेत.

तीन नंबर : छान आहे, पण भाडं माझ्या पगाराच्या जवळजवळ निम्मं.

मन दोन नंबरवर आहे. पण घर कसं बघतात हे मला कुणी शिकवलेलंच नाही. आईबाबा सगळा संसार एकाच घरात केलेले, त्यांनाही नेमकं सांगता येईना. तुम्ही पहिलं घर घेतलंत तेव्हा काय बघितलंत, आणि काय बघायचं राहून गेलं?

जिन्याखालची_सायकल

आधी अभिनंदन!

एकच सांगतो. घर दोनदा बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. एकदा दिवसा, एकदा रात्री नऊनंतर. 'दोघं रांगेत आहेत' हे मी आजवर पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक घराच्या दारात ऐकलंय. कधी ते खरंही असतं. तरी दुसऱ्यांदा घर दाखवायला जो तयार नाही, त्याच्याशी पुढे वर्षभर व्यवहार करायचाय हे लक्षात घ्या.

ओळंबा

बांधकामाच्या साइटवर २२ वर्षं काढली आहेत, त्यामुळे मी भिंतींबद्दल बोलतो. बाकीचं इतर मंडळी सांगतील.

दोन नंबरचं वर्णन वाचून पहिला प्रश्न पडला तो असा, की रंग सगळ्या घराला दिलाय की एखाद-दोन भिंतींनाच? नवा रंग म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे असं मुळीच नाही. भाडेकरू बदलला की नवा रंग देतातच. पण ओल झाकायचा सगळ्यात स्वस्त मार्गही रंगच आहे, आणि ज्याला ओल ओळखता येत नाही तो त्याला हमखास भुलतो.

ओल तीन वाटांनी येते. जमिनीतून चढणारी ओल तळमजल्यावर असते, भिंतीच्या पायथ्यापासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत. तिसऱ्या मजल्यावर तिची चिंता नको. दुसरी गळतीची. पाइप, वरच्यांचं बाथरूम, गच्ची, बाहेरच्या भिंतीतली भेग यांतून येणारी. ही एका जागी डाग धरते, डागाच्या कडेला पिवळट-तपकिरी रेघ असते, आणि पाणी वापरलं की किंवा पाऊस झाला की तो डाग पसरतो. तिसरी घरातल्याच वाफेची. अंघोळ, स्वयंपाक, आत वाळत घातलेले कपडे यांची वाफ गार भिंतीवर धरते. कोपऱ्यांत, खिडकीच्या चौकटीभोवती, कपाटामागे काळे ठिपके दिसतात ती बुरशी. घरातल्या हवेची आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळं. एका वेळी धुतलेल्या कपड्यांतून दीड-दोन लिटर पाणी हवेत जाऊ शकतं, म्हणून कपडे कुठे वाळणार हे घर बघतानाच ठरवा.

आता बघायचं कसं. तळहाताऐवजी हाताची मागची बाजू भिंतीला लावा. मग तीच बाजू दुसऱ्या, आतल्या भिंतीला लावा. ओली भिंत जास्त गार लागते. बाहेरची भिंत तशीही थोडी गार असते, म्हणून नुसत्या हातावर निकाल देऊ नका. मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा प्रकाश टाका. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवर फुगलेला रंग, सुटलेले पोपडे, लांबी (म्हणजे पुट्टी) भरून घासलेली जागा, सगळ्यांच्या सावल्या पडतात. हाताला पांढरी पूड लागली तर ते क्षार. म्हणजे भिंतीतून पाणी बाहेर आलं, वाळलं आणि क्षार मागे ठेवून गेलं.

आणि ते कपाट. त्याच्या मागे बघा. हलत नसेल तर फटीत फोन घालून फोटो काढा. दार उघडून आत नाक घालून वास घ्या. खोलीत रंगाच्या वासापुढे बुरशीचा वास दबतो, बंद कपाटात दबत नाही. भिंतीच्या पलीकडे काय आहे तेही बघा. बाथरूम असेल तर जास्तच बारकाईने बघा.

एक नंबरचं घर तुम्ही पाच मिनिटांत सोडलंत, त्याबद्दल थोडं. चार महिने बंद असलेल्या घरात गटाराचा वास म्हणजे बिघाडच असं नाही. बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम साठून राहतं आणि तेच पाइपातली घाण हवा वर येऊ देत नाही. घर बंद राहिलं की ते पाणी वाळतं, मग वास सरळ घरात. तांब्याभर पाणी ओतायचं, खिडक्या उघडायच्या, अर्ध्या तासाने परत वास घ्यायचा. गेला तर विषय संपला. नाही गेला तर जोडणीत दोष आहे.

नवी_किल्ली

काका, मनापासून आभार. कपाटामागे बघावं हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन नंबरची फक्त झोपायची खोली नव्याने रंगवल्यासारखी वाटली होती खरी, बाकी घर आधीपासूनच पांढरं आहे. मला ते छानच वाटलं होतं.

एजंटला फोन करून उद्या रात्री परत बघायला येते म्हणून सांगते.

पाण्याची_वेळ

उद्या जाताय तर बादली मागून घ्या.

माझ्या पहिल्या घरात नळ उघडून पाणी येतंय एवढं मी पाहिलं होतं आणि समाधानाने मान डोलावली होती. राहायला गेल्यावर कळलं, की स्वयंपाकघरातला नळ सुरू असला की शॉवरला थेंब थेंब. नऊ महिने मी अंघोळीची वेळ शेजाऱ्यांच्या वेळा बघून ठरवत होते.

१० लिटरची बादली नळाखाली लावा आणि घड्याळ बघा. दीड मिनिटाच्या आत भरली तर ठीक आहे. तीन-चार मिनिटं लागली तर रोज त्रास होईल. मग स्वयंपाकघरातला नळ पूर्ण उघडा आणि बाथरूमची धार किती उतरते ते बघा. फ्लश ओढा आणि टाकी किती वेळात भरते, भरल्यावर पाणी थांबतं का तेही बघा. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा. नुसत्या बारीक धारेने तुंबलेला पाइप कळत नाही. सिंकखालचं कपाट उघडून तळाच्या फळीवर हात फिरवा, फळी फुगलेली असेल तर तिथे गळतं किंवा गळत होतं.

पाणी दिवसभर असतं की ठरावीक वेळी, टाकी किती मोठी, मोटर बंद पडली तर दुरुस्त कोण करतं हे एजंटला विचारू नका, शेजारच्या दारावर टकटक करून विचारा. त्यांना खोटं सांगायचं काही कारण नसतं.

हिशोबाची_वही

तीन नंबरबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो.

भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावं असं सगळेच सांगतात. हा आकडा आला कुठून हे ठाऊक असलेलं बरं. अमेरिकेत १९६९ साली सरकारी घरांमध्ये राहणाऱ्या गरीब कुटुंबांचं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपर्यंत मर्यादित करणारी दुरुस्ती झाली, १९८१ मध्ये ती मर्यादा ३० टक्के केली गेली. तिथून तो आकडा जगभर फिरला. म्हणजे मुळात ती सरकारी घरांसाठी घातलेली मर्यादा, तुमच्या पगाराचा अभ्यास करून कुणी काढलेलं गणित नाही. पगार कमी असेल तर ३० टक्केही जड जातात, जास्त असेल तर ४० देऊनही माणूस सुखात राहतो.

त्याऐवजी उलटीकडून हिशोब करा. हातात येणाऱ्या पगारातून आधी बचत बाजूला काढा, मग घरी पाठवायचे पैसे, कर्जाचा हप्ता, प्रवास, खाणं, फोन, औषधपाणी. उरतो तो घराचा आकडा. आणि घर म्हणजे फक्त भाडं नाही, वीज, पाणी, गॅस, इंटरनेट, देखभालीचा खर्च सगळं त्यातच. देखभाल भाड्यात धरली आहे की वेगळी, हे आधीच विचारा.

पहिल्या महिन्यासाठी वेगळी रक्कम लागते ती बहुतेक जण विसरतात. अनामत, एजंटचं शुल्क, सामान हलवणं, आणि गादी, पडदे, बादली, झाडू, बल्ब, कुलूप, वायरचा बोर्ड. एकेक वस्तू छोटी, सगळ्यांची बेरीज मोठी. माझ्या वहीत त्या पहिल्या महिन्याचं पान अजून आहे. तीन आठवड्यांत मी एकूण ४१ वेगवेगळ्या वस्तू घेतल्या होत्या.

निम्मा पगार भाड्यात गेला तर पुढच्या अडचणीला तुमच्याकडे काही उरणार नाही. तीन नंबर सोडून द्या.

रात्रपाळी

आवाजाबद्दल लिहितो, कारण याची मी मोठी किंमत मोजली आहे.

मी घर पाहिलं ते रविवारी सकाळी अकराला. इतकी शांतता, की खिडकीत पाखरांचा आवाज ऐकू येत होता. त्याच दिवशी सही केली. सोमवारी पहाटे साडेचारला खालच्या गाळ्याचं शटर वर गेलं आणि माझी कॉट हलली. ते रोजचंच होतं. तिथे काढलेल्या सात महिन्यांत सलग सहा तास झोप मला क्वचितच मिळाली असेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये झोपायच्या खोलीत रात्रीचा सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा असं म्हटलं आहे, आणि मध्येच येणारा एखादा मोठा आवाज ४५ च्या वर जाऊ नये. फोनवरचं आवाज मोजणारं ॲप अगदी अचूक नसतं, पण दोन घरांची तुलना करायला पुरतं. १० डेसिबलचा फरक दिसला तर कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो हे लक्षात ठेवा.

झोपायच्या खोलीत मधोमध उभे राहा. खिडकी बंद करा. पाच मिनिटं कुणाशीही बोलू नका, एजंटलाही गप्प राहायला सांगा. लिफ्टची मोटर, पाण्याची मोटर, वरच्यांची खुर्ची, शेजारचा टीव्ही, सगळं ऐकू येईल. मग खिडकी उघडून परत पाच मिनिटं. खिडकी उघडी ठेवून झोपायची सवय असेल तर तुमच्यासाठी हाच आवाज खरा.

फ्यूजतार

वीज आणि गॅस, थोडक्यात.

मेन बोर्ड उघडून बघा. त्यात ३० मिलिॲम्पिअरला उडणारा स्विच आहे का, ज्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं? एजंटसमोर ते बटण दाबा. खटकन वीज गेली पाहिजे. हा स्विच माणसाला शॉक बसल्यावर सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. फक्त जुनी फ्यूजची तार असेल तर ती वायरिंग जळू नये म्हणून असते, माणसाला वाचवत नाही. प्रत्येक सॉकेटमध्ये फोनचा चार्जर लावून बघा. सॉकेटभोवती काळपट डाग असेल तर तो कधीतरी तापलाय.

गॅसवर चालणारा गीझर बाथरूमच्या आत असेल आणि धूर बाहेर नेणारी नळी नसेल तर ते घर घेऊ नका, किंवा गीझर बाहेर हलवल्यावरच घ्या. यात तडजोड नको. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद बाथरूममध्ये चक्कर येते आणि दार उघडायलाही शक्ती राहत नाही. हे मी पोटतिडकीने लिहितोय. माझ्या ओळखीच्या एका घरात हे झालं आहे.

जिना मोकळा आहे का, आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा मार्ग कुठला, खिडकीच्या लोखंडी जाळीला आतून उघडणारं दार आहे का, हेही उद्या बघून घ्या.

वेळ_नाही

सगळ्यांचं वाचलं. चांगलं आहे, पण एक सांगू का? हे सगळं तपासत बसलात तर घर मिळायचं नाही. चांगलं घर दोन दिवसांत जातं. मी स्वतः तपासण्याच्या नादात तीन घरं घालवली आणि शेवटी मिळेल त्यात राहावं लागलं. शंभर टक्के निर्दोष घर कुणालाच मिळत नाही.

उंबरठा

वेळ_नाही, तुमचं म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच काय आधी बघायचं हे ठरवून जावं लागतं. मी नोकरीच्या बदल्यांमुळे नऊ घरांत राहिले. सामान बांधून बांधून एक गोष्ट कळली, ती या लेकीला सांगते.

घर बघायला गेलीस की प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचार. हे मला बदलता येईल का? रंग बदलता येतो. पडदे, दिवे, नळाची तोटी, फुटकी काच, कुलूप, घाण, सगळं बदलता येतं, कधी मालकाकडून, कधी आपण दोन पैसे घालून. खिडकी कुठल्या दिशेला आहे हे बदलता येत नाही. रस्त्याचा आवाज, भिंतीतली ओल, पाण्याचा दाब, ऑफिसपर्यंतचं अंतर, वरचे शेजारी, आणि मालकाचा स्वभाव, हे काही केल्या बदलत नाही. घर बघताना आपले डोळे नेमके बदलता येणाऱ्या गोष्टींवरच खिळतात. रंग छान, फरशी चकचकीत, की मन हरखतं. तुझ्या तीन ओळींच्या वर्णनांतही बघ, एक नंबर नापसंत केलंस ते रंग, फरशी आणि वासावरून. त्या घरात उजेड कसा होता, सांगता येईल का तुला?

उजेड फोनच्या होकायंत्राने बघ. पश्चिमेची खिडकी उन्हाळ्यात दुपारी तीनपासून खोली तापवते, आणि भिंत रात्री दहापर्यंत ती ऊब सोडत राहते. आपण उत्तर गोलार्धात असू तर दक्षिणेच्या खिडकीतून थंडीतलं तिरपं ऊन आत येतं, उत्तरेच्या खिडकीत वर्षभर सौम्य उजेड. पूर्वेची खिडकी सकाळ देते. शेवटच्या मजल्यावर छप्पर तापतं. खिडक्या दोन वेगवेगळ्या बाजूंना असतील तर वारा खेळतो, एकाच बाजूला असतील तर पंखा फक्त तीच हवा फिरवतो.

अंतरही नकाशावर मोजू नकोस. सकाळी ज्या वेळेला निघणार त्याच वेळेला त्या दारातून ऑफिसपर्यंत एकदा जाऊन बघ. रात्री उशिरा परत येताना शेवटचा तुकडा चालत ये. दिवे आहेत का, माणसं आहेत का, तुझ्या पोटात गोळा येतो का. आला तर दुसरं कुणी काहीही म्हणो, ते घर तुझ्यासाठी नाही.

वेळ_नाही

उंबरठाताई, पटलं. बदलता न येणाऱ्या सात-आठच गोष्टी बघायच्या तर अर्ध्या तासात होतं.

नवी_किल्ली

आत्ताच घरी आले. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पण लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

दोन नंबरला साडेनऊला गेले, मैत्रिणीला बरोबर घेतलं. टॉर्च भिंतीला टेकवून तिरपा धरला. झोपायच्या खोलीत कपाटाच्या वर, छताजवळ, परातीएवढा भाग बाकी भिंतीपेक्षा किंचित उचललेला दिसला. समोरून काहीच दिसत नव्हतं! नखाने हलकेच टोकरलं तर रंगाची साल निघाली आणि खाली ओलसर करडी लांबी. एजंट म्हणाला, रंग अजून वाळायचा आहे. मग कपाटामागे फोन घालून फोटो काढला. फोटोत भिंत खालपासून वरपर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली. मागच्या बाजूने रंगच दिलेला नाही. कपाट तिथे का ठेवलंय ते तेव्हा कळलं.

भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे. वरच्या मजल्यावर जाऊन दार वाजवलं. एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या मोरीचं पाणी खाली उतरतं, दोन वर्षं झाली. आधीचा मुलगा त्यामुळेच सोडून गेला." मी मालकांना फोन करून सरळ विचारलं. ते म्हणाले रंग दिलाय ना, आता काय. गळती दुरुस्त करून द्याल का, लेखी द्याल का, तर म्हणाले आहे तसं घ्यायचं तर घ्या.

नाही घेणार. मन खट्टू झालं आहे, कारण मी मनातल्या मनात टेबल कुठे ठेवायचं तेही ठरवलं होतं.

उंबरठाताई, एक नंबरचा उजेड खरंच आठवत नाही. परवा सकाळी तिथे परत जाते. तांब्या घेऊन.

ओळंबा

शाब्बास. वरच्या मजल्यावर जाऊन विचारलंत हे फार बरं केलंत.

जुनी_पावती

परवा घर पसंत पडलं तर पुढची पायरी कागदाची. माझी अनामत एका मालकाने जवळजवळ पूर्ण कापून घेतली होती. कारण दिलं, ओट्याची कड तुटली आहे. ती मी राहायला जाण्याआधीच तुटलेली होती. पण माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. तेव्हापासून मी काय करते ते लिहिते.

किल्ली हातात आली की सामान आत नेण्याआधी, रिकाम्या घराचा व्हिडिओ. दारापासून सुरुवात, प्रत्येक खोली, प्रत्येक भिंत, छत, फरशीवरची प्रत्येक भेग, नळ सुरू करून, दिवे लावून. विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचा आकडा दिसेल असा फोटो. हे सगळं त्याच दिवशी मालकाला मेलने पाठवायचं, 'आज घर ताब्यात घेतलं, तेव्हाची स्थिती अशी' एवढ्याच ओळीसह. भांडण म्हणून नव्हे. त्यांनाही त्याचा उपयोग होतोच.

करारातल्या सगळ्या ओळी वाचा, आणि या चार ओळींवर बोट ठेवून थांबा. सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं, आणि मालकालाही तेच बंधन आहे का. ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर काय द्यावं लागेल. मोठी दुरुस्ती कुणाची, किरकोळ कुणाची. अनामतीतून कशाचे पैसे कापता येतील आणि उरलेली किती दिवसांत परत मिळेल. 'नेहमीच्या वापराने झालेली झीज धरली जाणार नाही' हे वाक्य नसेल तर घालून घ्या. तोंडी दिलेला शब्द, 'पंखा बदलून देऊ', 'जाळी लावून देऊ', जो असेल तो तारखेसकट करारात लिहून घ्या. चांगला मालक याला नाही म्हणत नाही. भाडेकराराची नोंदणी, मुद्रांक वगैरे नियम जागोजागी वेगळे, ते आपापल्या ठिकाणचे बघा.

अर्धी_खोली

धागा उत्तम चाललाय. मी दोन मित्रांबरोबर घर घेतोय. करार एकाच्याच नावावर केला तर सोपं पडेल असं एजंट म्हणतो. चालेल का?

जुनी_पावती

तिघांचीही नावं घाला. एकाचंच असेल तर बाकी दोघं उद्या निघून गेले तरी पूर्ण भाडं त्या एकाच्या गळ्यात, आणि ज्यांचं नाव नाही त्यांना घरात राहायचा कागदोपत्री काही हक्क नाही. तिघांची नावं असली तरी एकाने भाडं बुडवलं तर उरलेल्यांकडून पूर्ण मागता येतं का, ते कराराच्या शब्दांवर ठरतं, तो शब्द शोधा. आणि आपापसांत एक पान लिहून ठेवा. मध्येच एक जण निघाला तर त्याच्या जागी माणूस कोण आणणार, अनामतीचा हिशोब कसा करायचा. मैत्री असतानाच लिहा.

जिन्याखालची_सायकल

घर बघण्याआधीच पैसे मागणारे, 'मी परदेशात आहे, किल्ली पोस्टाने पाठवतो' म्हणणारे, आणि आजूबाजूच्या घरांपेक्षा फारच कमी भाडं सांगणारे यांना एक पैसाही देऊ नका. जाहिरातीतला फोटोच इंटरनेटवरच्या चित्रशोधात टाकून बघा, तोच फोटो दुसऱ्या शहराच्या जाहिरातीतही सापडतो. मालक खरोखरच मालक आहे का, हे विजेच्या बिलावरचं किंवा कराच्या पावतीवरचं नाव आणि त्याचं ओळखपत्र ताडून बघा.

नवी_किल्ली

एक नंबर घेतलं!

सकाळी साडेसातला गेले. पहिल्या भेटीत खिडक्या बंद होत्या, या वेळी सगळ्या उघडल्या. झोपायच्या खोलीची खिडकी पूर्वेला, स्वयंपाकघराची उत्तरेला. ऊन फरशीवर पार दारापर्यंत आलं होतं. तो मळकट पिवळा रंग उन्हात इतका वाईट दिसत नाही. सगळ्या भिंतींना हात लावला, टॉर्च फिरवला. एका कोपऱ्यात जुनी भेग आहे, कोरडी. बादली १ मिनिट १० सेकंदांत भरली, स्वयंपाकघरातला नळ सुरू असताना दीड मिनिटात. 'टी'चं बटण दाबल्यावर अंधार झाला, मालकीणबाई दचकल्या आणि मग त्यांनी मला विचारलं की हे बटण कशासाठी असतं. मी समजावून सांगितलं. रात्री परत जाऊन पाच पाच मिनिटं उभी राहिले. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली, लिफ्टचा आवाज नाही कारण लिफ्टच नाही.

करार काल झाला. दुरुस्तीचं आणि झिजेचं वाक्य घालून घेतलं, बाई लगेच हो म्हणाल्या. दाराच्या कुलपाचा गाभा बदलायचं त्यांनीच सुचवलं, चार महिन्यांत किती जणांनी किल्ली हाताळली कोण जाणे म्हणून.

आज व्हिडिओ काढून पाठवला. विजेचं मीटर जिन्याखाली आहे, त्याचा फोटो वाकून काढावा लागला. सामान म्हणजे दोन बॅगा आणि एक गादी, तेही आलं. ४१ वस्तूंच्या यादीतल्या सहा झाल्या.

ओळंबाकाका, त्या सकाळी पोचल्यावर सगळ्यात आधी बाथरूमच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतलं आणि खिडकी उघडून बाहेर जिन्यात जाऊन बसले. अर्ध्या तासाने आत आले. वास नव्हता.